दहा मिनिटांपूर्वी पळून आलेल्या माणसाचं रक्त

प्रश्न विचारणारे सर जिंतूर तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत शिकवतात. वय ४४, पोट थोडं सुटलेलं, साखर-बीपी नाही, विडी-तंबाखू नाही. वीस वर्षांत व्यायाम म्हणाल तर गाडीला किक मारणं, आणि आता गाडीलाही बटण आलंय, असं त्यांनीच लिहिलंय. गेल्या रविवारी सकाळी ते पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या भाच्याबरोबर मैदानावर गेले. पोरांनी डिवचलं, यांनीही चप्पल काढली आणि ४०० मीटरची एक फेरी जीव तोडून पळाले. रेघ ओलांडली तसे जागेवर थांबले, डोळ्यांपुढं अंधारी आली, खाली बसले. मैदानाच्या कडेला मोफत तपासणी शिबिर चालू होतं. भाच्यानं धरून तिकडं नेलं आणि दहा मिनिटांच्या आत रक्त घेतलं गेलं.

रिपोर्ट असा: हिमोग्लोबिन १६.७, पीसीव्ही (रक्तात लाल पेशींचा हिस्सा, टक्क्यांत) ४९.६, पांढऱ्या पेशी १२,९००, प्लेटलेट ३ लाख ९० हजार. सहा महिन्यांपूर्वीच्या रिपोर्टात हेच आकडे १५.५, ४६, ७,८०० आणि ३ लाख १० हजार होते. शिबिरात कुणीतरी सांगितलं, "रक्त घट्ट झालंय, इन्फेक्शनपण दिसायलंय," आणि अँटिबायोटिकसोबत रोजची एक ॲस्पिरिन लिहून दिली. सरांचा प्रश्न: थोडाच वेळ पण जोरात केलेला व्यायाम माझ्यासारख्या बसून राहणाऱ्याचं रक्त घट्ट करतो की पातळ? गोळी घेऊ का? आणि परत पळू का नको?

सर, मी लातूरला सत्तावीस वर्षं प्रॅक्टिस करतोय, त्यातली पहिली काही वर्षं लॅबमध्ये गेली. तुमचा रिपोर्ट वाचताना मला आजार दिसला नाही, मैदान दिसलं. ताप, खोकला, लघवीची जळजळ यातलं काही नसेल तर त्या अँटिबायोटिकचं काम नाही. ॲस्पिरिनकडं पुढं येतो, तोवर तीही सुरू करू नका.

तुमच्या रक्तात लाल पेशी वाढलेल्या नाहीत, पाणी कमी झालंय. हे अंदाजानं सांगत नाही, हिशेब करून सांगतो. १९७४ साली डिल आणि कॉस्टिल या दोघा अमेरिकन शास्त्रज्ञांनी हिमोग्लोबिन आणि पीसीव्ही यांच्यावरून रक्तातलं पाणी किती घटलं ते काढायची रीत दिली. खेळाडूंच्या लॅबमध्ये ती आजही वापरतात. १५.५ ला १६.७ नं भागा, ०.९२८ येतं. म्हणजे आधी १०० भाग असलेलं रक्त आता ९३ भाग उरलं. त्या आधीच्या १०० भागांत पेशी ४६ आणि प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला पातळ भाग, ५४ होता. आताच्या ९३ भागांत पेशी ४९.६ टक्के, म्हणजे पुन्हा ४६ भागच. पेशी जिथल्या तिथं. प्लाझ्मा मात्र ५४ वरून ४७ भागांवर आलेला. घट साधारण १३ टक्के. अंगात पाच लिटर रक्त धरलं तर साडेतीनशे मिलीच्या पुढं पाणी रक्तवाहिन्यांतून बाहेर गेलं. पहिला रिपोर्ट सहा महिने जुना आहे, म्हणून हा हिशेब ढोबळ धरायचा. पण न सरावलेला माणूस मिनिट-दोन मिनिटं जीव खाऊन पळाला की प्लाझ्मा १० ते १५ टक्के घटतो हे पुन्हा पुन्हा मोजलं गेलंय, आणि तुमचा आकडा बरोबर त्याच मापात बसतो.

हे पाणी घामातून गेलं नाही. शे-दीडशे सेकंदांत कुणाला एवढा घाम येत नाही. ते तुमच्या मांड्यांत गेलं. कैरीच्या फोडींना मीठ चोळून ठेवलं की पाणी सुटतं ना, तसंच. जिकडं विरघळलेला माल जास्त, तिकडं पाणी ओढलं जातं. जोरात पळताना स्नायू साठवलेली साखर भराभर फोडतात; एका मोठ्या कणाचे शेकडो बारीक कण होतात, साखर फोडताना तयार होणारं लॅक्टेट साचतं, आणि स्नायूच्या पेशी मीठ लावल्यासारख्या होऊन रक्तातलं पाणी ओढून घेतात. शिवाय स्नायूकडं जाणाऱ्या बारीक वाहिन्या सताड उघडतात, केशवाहिन्यांतला दाब वाढतो आणि पाणी भिंतीतून बाहेर ढकललं जातं. पळून आल्यावर मांड्या टम्म झाल्यासारख्या वाटतात, ते उगीच नाही. निवांत बसलं की यातलं बहुतेक पाणी अर्ध्या-एक तासात परत येतं. तुम्ही त्या शिबिराऐवजी घरी जाऊन चहा घेतला असता आणि अकरा वाजता रक्त दिलं असतं, तर हे पत्र लिहायची वेळच आली नसती.

पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेटचंही तेच. निम्म्याच्या आसपास पांढऱ्या पेशी एरवी वाहिन्यांच्या भिंतींना टेकून बसलेल्या असतात, मोजणीत येतच नाहीत. ॲड्रेनलिन सुटलं, प्रवाहाचा जोर वाढला की त्या सुटून मधल्या धारेत येतात. एसटी स्टँडवर बाकड्यांवर आणि झाडाखाली बसलेली माणसं गाडी लागताच फलाटावर धावतात, तेव्हा फलाटावरची डोकी मोजून गावाची लोकसंख्या वाढली असं आपण म्हणत नाही. प्लेटलेटचा तर तिसरा हिस्सा एरवी प्लीहेत, म्हणजे पोटात डाव्या बाजूला असलेल्या अवयवात, मुक्कामाला असतो, त्यातला काही बाहेर येतो. माळेगावच्या यात्रेत तुम्ही घोडे पाहिले असतील. घोड्याची प्लीहा म्हणजे लाल पेशींचं कोठारच. तो चौखूर उधळला की ती आवळते आणि त्याचा पीसीव्ही चाळीसच्या आसपासून साठच्या वर जातो. माणसाची प्लीहा त्या मानानं चिमुकली. आपल्यात आकडा वाढतो तो मुख्यतः पाणी हटल्यानं.

आम्ही शिकत होतो तेव्हा पीसीव्ही मशिनमधून छापून येत नसे. काचेची अरुंद नळी, १०० मिलिमीटरच्या खुणांची. तिच्यात लांब सुईनं खालून वर रक्त भरायचं, बुडबुडा राहू द्यायचा नाही, आणि मिनिटाला तीन हजार फेऱ्यांनी अर्धा तास फिरवायचं. नळी बाहेर काढली की खाली गर्द लाल थर, त्यावर नखाच्या कडेएवढी पांढुरकी रेघ, आणि वर गव्हाच्या काडाच्या रंगाचं पाणी. लाल थर ४६ च्या खुणेवर थांबला तर पीसीव्ही ४६. ही नळी एकदा डोळ्यांनी पाहिली की 'रक्त घट्ट' या शब्दाची भीती जाते. वरचं पाणी कमी झालं की लाल थर आपोआप उंच दिसतो. त्यासाठी लाल पेशी वाढाव्याच लागतात असं नाही.

हे लिहितोय म्हणून माझी चूक लपवत नाही. प्रॅक्टिसच्या सुरुवातीला एका आडत्याचा पीसीव्ही ५२ आला. मी घाबरलो, त्यालाही घाबरवलं, लाल पेशींचा आजार असेल म्हणून सोलापूरला मोठ्या तपासण्यांना पाठवलं. तिथं सगळं नॉर्मल. परत येऊन तो म्हणाला, "डॉक्टर, तिथं मला अर्धा तास बसवून ठेवलं व्हतं. तुमच्याकडं तर मी आडतीवर पोती उचलू लागून तसाच पळत आल्तो." पेशंट काय करून आलाय हे मी विचारलंच नव्हतं. तेव्हापासून माझ्याकडं रक्त काढायच्या आधी दहा-पंधरा मिनिटं खुर्चीत बसवायची पद्धत आहे, आणि दंडाचा पट्टा मिनिटभराच्या वर ठेवायचा नाही. झोपलेला माणूस नुसता उठून उभा राहिला तरी पावसाळ्यातल्या बांधासारखं पायांत पाणी झिरपतं आणि आकडा वर जातो. लांबलेला पट्टाही तेच करतो.

आता 'घट्ट' म्हणजे काय, ते जरा सावकाश बघू, कारण मराठीत आपण दोन वेगळ्या गोष्टींना एकच शब्द लावतो. एक, रक्त दाट होणं, म्हणजे वाहायला जड होणं. दुसरी, रक्त गोठणं, गाठ होणं. दाट तेल कितीही दाट असलं तरी त्याची गाठ होत नाही. दूध पाण्यासारखं वाहतं, पण विरजण पडलं की थिजतं. व्यायामात या दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या वाटेनं जातात.

दाटपणाचं आधी. रक्त पाण्यासारखं एका चालीनं वाहत नाही. ते पिठल्यासारखं आहे: ठेवलं की घट्ट, ढवळलं की सैल. प्रवाह मंद असला की लाल पेशी एकावर एक चढतात, अगदी भाकरींच्या चवडीसारख्या, आणि या चवडी चिकटायला फायब्रिनोजेन नावाचं प्रथिन मदत करतं. प्रवाह जोरात आला की चवडी मोडतात, पेशी सुट्या होऊन प्रवाहाच्या दिशेनं लांबट होतात आणि रक्त सैल वाहतं. पेशीचा लवचिकपणा इथं कामाला येतो. लाल पेशीचा व्यास सात-आठ मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन), आणि तिला पाच मायक्रॉनच्या केशवाहिनीतून निघायचं असतं. ताजी ज्वारीची भाकरी दुमडली जाते, शिळी मोडते. पेशी ताज्या भाकरीसारखी असेल तर दुमडून निघते, कडक झाली तर दारात अडते.

जोराच्या थोड्या वेळच्या व्यायामात यातल्या काही गोष्टी एकदम बदलतात. पाणी हटल्यानं पेशींची गर्दी वाढते. पीसीव्ही एका अंकानं वाढला की रक्ताचा दाटपणा साधारण ४ टक्क्यांपर्यंत वाढतो, तुमचा ३.६ नं वाढला, म्हणजे १४ टक्के धरा. प्लाझ्मातली प्रथिनं बाहेर फारशी जात नाहीत, म्हणून उरलेला प्लाझ्माही थोडा दाट होतो. पुढचा मुद्दा तुमच्या प्रश्नाच्या मुळाशी आहे. लॅक्टेट वाढलं, रक्त आंबट झालं की बसून राहणाऱ्या माणसाच्या लाल पेशी काही काळ कडक होतात. लांब पल्ल्याचे सरावलेले धावपटू घेतले तर तेवढ्याच लॅक्टेटला त्यांच्या पेशी तशा वागत नाहीत. काही प्रयोगांत तर त्या उलट जास्त लवचिक झालेल्या दिसल्या. फेरी तीच, मैदान तेच, पण भाच्याच्या पेशी आणि मामाच्या पेशी वेगळ्या वागणार. चवडी होण्याबाबत मात्र निष्कर्ष एकसारखे नाहीत, कुठं वाढल्या, कुठं नाही; त्यावर मी फार भर देत नाही.

मग हा १४ टक्के दाटपणा हृदयाला जड जातो का? धडधाकट माणसाला बिलकूल नाही. पोआझॉय नावाच्या फ्रेंच डॉक्टरनं १८४० च्या सुमारास काचेच्या बारीक नळ्यांतून द्रव सोडून एक नियम काढला: प्रवाह नळीच्या त्रिज्येच्या चौथ्या घातावर ठरतो. म्हणजे नळी फक्त १० टक्के रुंद झाली की प्रवाह ४६ टक्के वाढतो. तुमचा १४ टक्के दाटपणा भरून काढायला वाहिनी ३ टक्क्यांहून थोडी जास्त रुंद झाली तरी पुरे, आणि पळताना स्नायूंच्या वाहिन्या त्याच्या कितीतरी पट उघडतात. उलट दाट रक्त भिंतीवर जास्त घासतं, त्या घासण्यानं भिंतीतून नायट्रिक ऑक्साइड सुटतं आणि वाहिनी आणखी सैलावते. या वायूच्या कामासाठी फर्चगॉट, इग्नारो आणि मुराद यांना १९९८ चं नोबेल मिळालं. त्यात अंग तापलं की रक्त थोडं पातळ होतं, आणि केसासारख्या वाहिन्यांत पेशी मधोमध रांगेनं चालत असल्यानं तिथं रक्त मुळातच पातळ वाहतं.

पण हे सगळं वाहिनीला रुंद होता येत असेल तर. ज्याच्या हृदयाच्या वाहिनीत चुना-चरबीचा थर बसलाय, ती पीव्हीसी पाइपासारखी ताठ झालीय, तिला ते ३ टक्केही जमत नाहीत. मधुमेह, विडी-सिगारेट, वाढलेला बीपी, ही माणसं यात येतात. आणि आपल्याकडं हे माहीत नसलेलेच जास्त. रानात राहतो म्हणजे कष्टाचं अंग आहे असा एक समज आहे. पण आता पाळीला ट्रॅक्टर, सोयाबीन काढायला मळणीयंत्र, बांधावर जायला गाडी. मराठवाड्यातला चाळिशीचा शेतकरी आणि परभणीचा बँकेतला कारकून यांच्या मांड्या सारख्याच मऊ निघतात.

आता दुसरी गोष्ट, गोठण्याची. मला काळजी हिची वाटते, दाटपणाची नाही. न सरावलेल्या माणसानं एकदम जोर लावला की प्लेटलेट चिकट होतात, गोठण्याच्या साखळीतला फॅक्टर आठ वाढतो. त्याच वेळी शरीर गाठ विरघळवणारी यंत्रणाही जोरात चालू करतं, म्हणून पळताना तराजू बराचसा समतोल राहतो. अडचण पळणं थांबल्यावर येते. विरघळवणारी बाजू तासाभरात खाली येते, फॅक्टर आठ मात्र काही तास वर राहतो. रोज व्यायाम करणाऱ्यांत प्लेटलेटचं हे बिथरणं पुष्कळ कमी असतं.

याचा माणसांवर काय परिणाम होतो, ते १९९३ साली अमेरिकेत हार्ट अटॅक आलेल्या १,२२८ जणांना विचारून पाहिलं गेलं. जोराच्या कष्टानंतरच्या एका तासात अटॅकचा धोका, तोच माणूस निवांत असतो त्या वेळेच्या मानानं, सरासरी सहापट निघाला. पण ती सरासरी फसवी आहे. आठवड्यातून पाच किंवा जास्त वेळा व्यायाम करणाऱ्यांत तो अडीचपटीच्याही आत होता, आणि आठवड्यातून एकदाही न करणाऱ्यांत शंभरपटीच्या वर. हा आकडा वाचून घाबरू नका, कारण पट कशाची ते बघावं लागतं. एका तासातला मूळ धोकाच अगदी बारीक असतो. २००० साली अमेरिकन पुरुष डॉक्टरांवरचा मोठा अभ्यास आला, त्यात जोराच्या व्यायामाच्या सुमारे १५ लाख वेळांमागं एक अचानक मृत्यू आढळला. तेव्हा सर, त्या रविवारी तुम्ही मरणाच्या दारातून परत आला नाहीत. फक्त त्या तासापुरती तुमची बाजू थोडी उणी होती, आणि ती उणी होती ती वीस वर्षांच्या बसण्यामुळं.

ॲस्पिरिनला आपण 'रक्त पातळ करायची गोळी' म्हणतो, आणि इथंच सगळा घोळ होतो. ती रक्त पातळ करत नाही. तुमचा पीसीव्ही ४९.६ असेल तर गोळी खाऊनही तो ४९.६ च राहील. पाणी वाढणार नाही, पेशी कमी होणार नाहीत. ती फक्त प्लेटलेटचा चिकटपणा कमी करते. ज्याला अटॅक येऊन गेला, ज्याला स्टेंट बसवलाय, त्यानं ती डॉक्टरला न विचारता एक दिवसही सोडू नये. पण हृदयाचा आजार नसलेल्या माणसानं एका रिपोर्टवरून रोज घ्यायला लागलं तर फायदा शंकास्पद आणि पोटात रक्तस्राव व्हायची भीती खरी. लसणाच्या पाकळ्या खायच्या असतील तर खा, चटणीला चांगल्याच लागतात.

तुम्हाला अंधारी आली तिचा तर दाटपणाशी काहीच संबंध नाही. पळताना पिंढऱ्या प्रत्येक पावलाला रक्त वर पिळून देत असतात. पाय थांबले की हा पंप बंद, पण पायांच्या वाहिन्या अजून सताड उघड्या. रक्त खाली साचतं, डोक्याला कमी पडतं. म्हणून पळून झाल्यावर जागेवर उभं राहायचं नाही, चार-पाच मिनिटं चालत राहायचं. भरतीची पोरं हात कमरेवर ठेवून फिरत असतात, ती ऐट नसते.

पळू का नको, तर पळा, पण त्या रविवारसारखं नाही. तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर इथं आहे. तोच जोराचा व्यायाम त्या तासाला रक्त दाट करतो आणि नियमानं केला तर पुढच्या काही आठवड्यांत पातळ करतो. कारण बाहेर गेलेलं पाणी परत येताना शरीर शिकतं. मूत्रपिंडं मीठ-पाणी धरून ठेवतात, रक्तात पाणी धरून ठेवणारं अल्ब्युमिन हे प्रथिन वाढतं, आणि सराव सुरू झाल्यावर दिवसा-दोन दिवसांतच प्लाझ्मा आधीपेक्षा जास्त भरू लागतो. सरावलेल्या माणसात तो १० ते २० टक्क्यांनी जास्त असतो. लाल पेशी वाढायला त्या मानानं आठवडे लागतात. म्हणून कसलेल्या धावपटूचा पीसीव्ही पुष्कळदा कमी दिसतो. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याच्या अविनाश साबळेनं २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत ३,००० मीटर स्टीपलचेस (अडथळ्यांची शर्यत) ८ मिनिटं ११.२० सेकंदांत पळून रौप्य घेतलं. त्याचा रक्ताचा रिपोर्ट काही मी पाहिलेला नाही, पण त्या जातीच्या धावपटूचं रक्त तुमच्या-माझ्यापेक्षा पातळ निघालं तर मला नवल वाटणार नाही.

यातून दुसरा गोंधळ होतो. भरतीची पोरं तीन महिने १६०० मीटरचा सराव करतात, हिमोग्लोबिन १४.५ चं १३.६ येतं आणि आई दवाखान्यात घेऊन येते, "लेकराचं रक्त कमी व्हायलंय." पोराचं बहुतेक वेळा कमी झालेलं नसतं, पाणी वाढलेलं असतं. मुलींच्या बाबतीत मात्र मी असं गृहीत धरत नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या निम्म्याहून जास्त बायकांना रक्तक्षय निघालाय. ८०० मीटर पळणाऱ्या मुलीचं हिमोग्लोबिन १०.५ असेल तर ते सरावानं पातळ झालेलं नसतं, लोह संपलेलं असतं. तिथं फेरिटिन, म्हणजे अंगातला लोहाचा साठा, बघायचं आणि लोहाच्या गोळ्या द्यायच्या.

तुमच्यासाठी सांगायचं तर पहिले सहा आठवडे नुसतं भरभर चालणं, रोज अर्धा तास, शेजाऱ्याशी बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही अशा वेगानं. चालताना छातीत भरून येणं, जबडा किंवा डावा हात जड होणं, दरदरून घाम येणं असं काही झालं तर त्याला गॅस म्हणून सोडा पिऊन झोपायचं नाही, थेट ईसीजीला जायचं. सगळं सुरळीत असेल तर सातव्या आठवड्यापासून आठवड्यातून दोनदा, दहा मिनिटं चालून अंग तापलं की वीस-तीस सेकंद जोरात, दोन-अडीच मिनिटं सावकाश, असं चार वेळा. चढ असला तर आणखी बरं, गुडघ्यांना धक्का कमी बसतो. ज्यांना साखर किंवा बीपी आहे त्यांनी हा जोराचा भाग आपल्या डॉक्टरला दाखवूनच सुरू करावा. आणि एखाद्या रविवारी ऑफिसची सहल देवगिरीवर गेली म्हणून बारादरीपर्यंत पैज लावून चढणं हे रोजच्या जोरात मोजू नका. ते तुमच्या त्या ४०० मीटरचंच भावंड.

उन्हाळ्यात पहाटेच पळावं. मे महिन्यात नांदेड-परभणीकडं पारा बेचाळीसच्या पुढं जातो, तेव्हा मांड्यांत जाणाऱ्या पाण्यावर घामाचं पाणी चढतं आणि ते तासाभरात परत येत नाही, प्यावंच लागतं. निघण्याआधी दोन पेले पाणी, आल्यावर लिंबू-मीठ-साखरेचं सरबत, एवढं पुरतं. उन्हात पळाल्यावर लघवी काळ्या चहासारखी आली तर मात्र ते स्नायू फुटल्याचं लक्षण असतं. तासभरही न थांबता दवाखाना गाठायचा.

किनवट-माहूर भागातल्या वाचकांसाठी एक वेगळी गोष्ट. गोंड, कोलाम, परधान, आंध समाजात सिकलसेल या लाल पेशींच्या आनुवंशिक आजाराचं प्रमाण जास्त असतं. ज्याला आजार नाही, फक्त वाहक आहे, त्याला एरवी काही त्रास नसतो. पण जीव तोडून पळताना, उन्हात, पाणी कमी असताना त्याच्या लाल पेशी विळ्यासारख्या होऊन अडकू शकतात, आणि धडधाकट दिसणारा पोरगा मैदानात कोसळू शकतो. त्यानं पळू नये असं नाही. सरावाचा चढ हळू ठेवावा, मधे विसावा घ्यावा, पाणी पीत राहावं आणि पाय एकदम लुळे वाटले तर फेरी पूर्ण करायचा हट्ट धरू नये. १ जुलै २०२३ पासून सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान सुरू आहे, त्यात ही तपासणी फुकट होते. भरतीला जाण्याआधी करून घ्यावी.

सर, तुम्ही आता दोन दिवस कसलाच व्यायाम सुरू करू नका. तिसऱ्या दिवशी सकाळी पाणी पिऊन लॅबमध्ये जा, पंधरा मिनिटं खुर्चीत बसा, भाच्याला गाडी लावायला पाठवा, आणि मग सीबीसीला, म्हणजे याच रक्तपेशींच्या मोजणीला, रक्त द्या. हिमोग्लोबिन साडेपंधराच्या आसपास आणि पीसीव्ही ४६-४७ आला तर दोन्ही कागद एकाच फायलीत लावून विषय मिटवा. बसून दिलेल्या रक्तातही हिमोग्लोबिन १६.५ च्या वर किंवा पीसीव्ही ४९ च्या वर राहिला, तर महिन्याभरानं पुन्हा करा. तेव्हाही वर असेल तर रात्री घोरता का, झोपेत श्वास अडतो का, हे घरच्यांना विचारून या. त्यानंही लाल पेशी वाढतात, म्हणून आधी त्याचा शोध घेऊ, मग लाल पेशींच्या आजारासाठी करतात त्या जॅक-२ जनुकाच्या तपासणीचं बघू.